फ्रिजवरचा तक्ता

परवा फ्रिज दुरुस्त करायला आलेला माणूस मला म्हणाला, "मॅडम, ह्यात तुमचं नावच नाही. म्हणजे तुम्ही काय करत नाही का?" ते अजून डोक्यातून जात नाहीये.

तक्ता म्हणजे तोच हो, पोरांची नावं, कामं, वार आणि चमचमते स्टार. दहा स्टारला अर्धा तास मोबाईल. फ्रिज ओढायचा म्हणून मी तो काढून टेबलावर ठेवला, तर ह्या गृहस्थांनी फ्रिज दिला सोडून आणि हातात स्क्रूड्रायव्हर धरून तक्ताच वाचायला घेतला. एकेका ओळीवर बोट फिरवत. "फरशी पुसणे, मुलगा. बरं. घड्या घालणे, मुलगी. आणि हे 'उलट न बोलणे', ह्याचा पण स्टार? मोजता कसं? समजा पोरगं दिवसभर बोललंच नाही, तर?"

धाकट्याने लगेच कान टवकारले. "हो ना काका, मी झोपलेलो असतो तेव्हाचा पण द्यायला पाहिजे!"

"आणि दहा झाले की मोबाईल. म्हणजे काम केल्याचं बक्षीस काय, तर काम न करणं."

म्हटलं दादा, फ्रिज. तर म्हणे आधी बर्फ वितळू दे, वेळच आहे. आणि मग तो प्रश्न.

काय सांगणार? तक्ता आखणं, स्टार आणणं, कोणी ढापले तर चौकशी बसवणं, "पुसलीस का, पुसलास का" ओरडणं आणि शेवटी आपणच पुसणं, ह्याचे रकाने पाडायचे तर फ्रिजला आणखी एक दार लागेल. नवऱ्याचाही रकाना नाहीये, पण त्याला कोणी विचारलं नाही, तो मीटिंग आहे असा हात करून आत गेला.

ह्या प्रकाराचं मूळ मी मागे शोधून ठेवलंय (रागात माणूस काहीही वाचतो). १९६० च्या दशकात अमेरिकेत, इलिनॉयमधल्या एका मनोरुग्णालयात आयलॉन आणि ॲझरिन ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी पेशंटना अंथरूण आवरलं वगैरे की टोकन द्यायला सुरुवात केली, टोकन द्या आणि हवं ते घ्या. चाललं म्हणे. चालणारच, तिथला स्टाफ ड्युटी संपली की घरी जायचा. मग १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्या संशोधकांनी चित्रं काढायची आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या पोरांना आधीच बक्षीस कबूल केलं, तर नंतर ती पोरं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढायला लागली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांचं काही बिघडलं नाही. म्हणून तज्ज्ञ सांगतात, बक्षिसाने आवड मरते. अहो पण फरशी पुसायची आवड आमच्याकडे होती कोणाला, मरायला?

असो. फ्रिज सुरू झाला, पैसे दिले, आणि दारात हा माणूस एकदम मऊ आवाजात, "मॅडम, ॲपवर तेवढे पाच स्टार द्या."

पोरं चमकलीच. लेक म्हणाली, "काका, तुम्हाला पण स्टार? किती झाले की काय मिळतं?"

"मिळत काय नाय बेटा. कमी पडले की कॉल येणं बंद."

"कमी कशाने पडतात?"

"लोकांचा मूड."

मला इतका राग आला, कोणाचा ते कळेना. केस पिकलेला माणूस, दोन तास राबून शाळकरी पोरीसमोर स्टार मागत उभा, तोही उलट न बोलता. मी मुकाट्याने पाच देणार होते, पण फोन लेकीच्या हातात होता आणि ती कडक आहे. चार! "फरशी ओली केलीत ना काका."

त्याने हू की चू न करता फडकं मागितलं आणि कानाकोपऱ्यातून असली लख्ख फरशी पुसली की ह्या घरात कोणी कधी पुसली नसेल. पाचवा मिळाला, गेला बिचारा. मागे वळून बघते तर धाकटा टेबलावर वाकून स्वतःच्या रकान्यात स्टार चिकटवतोय. म्हटलं, हे काय?

"फरशी पुसून झाली ना?"