क्रॉसप्लेवर कशाला चिडताय, तुमचं भांडण तर पीसीवाल्यांशी आहे

गेले काही दिवस ठाणे-नवी मुंबईच्या गेमिंग ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेपण आला असेलच. थोडक्यात म्हणणं असं की प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवाल्यांना एकमेकांशी ऑनलाइन खेळू दिलं, म्हणजे क्रॉसप्ले आणला, तिथेच कन्सोल गेमिंगची वाट लागली. पीसीवाले माउसने झोडपतात, चीटर घुसले, लॅग वाढला, बारक्या पोरांशी कोण काय बोलेल याचा नेम नाही, आणि आपण पन्नास हजार मोजून घेतलेल्या मशीनची किंमतच राहिली नाही, सबब क्रॉसप्ले कायमचा बंद करा. मला यातलं बरंचसं पटत नाही आणि जे पटतं त्यावरचा उपाय हा नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

माउसवाला मुद्दा आधी, कारण त्यात खरंच दम आहे. स्टिकने नेम धरणारा आणि माउसने नेम धरणारा यांची बरोबरी होत नाही हे कोणीही मान्य करेल, म्हणूनच तर कंट्रोलरला एम असिस्ट, म्हणजे नेम धरायला गेमकडूनच थोडी मदत, दिलेलं असतं आणि मग पीसीवाले त्याच एम असिस्टच्या नावाने उलट बोंबलत असतात, ती एक वेगळीच करमणूक आहे. पण राव, हे भांडण कन्सोल विरुद्ध पीसी आहे. प्लेस्टेशनवाला आणि एक्सबॉक्सवाला, दोघांच्या हातात तसाच दोन स्टिकचा रिमोट, समोर टीव्ही, पाठीखाली बीन बॅग, मग या दोघांना एका लॉबीत, म्हणजे एका मॅचच्या गटात, टाकलं तर बिघडतं कोणाचं? अख्खा मेसेज परत वाचा, कन्सोल विरुद्ध कन्सोलचं एकपण उदाहरण त्यात नाहीये. पीसीचा राग आणि बिल फाडलंय दुसऱ्या कन्सोलच्या नावाने.

आणि हा गुंता सुटत नाही असंही नाही. पबजी मोबाइलच्या जमान्यात आपण सगळ्यांनी हे बघितलंय, एम्युलेटरवर, म्हणजे मोबाइलचा गेम पीसीवर चालवून, खेळणाऱ्यांची लॉबीच वेगळी, आणि स्क्वॉडमध्ये एकजण जरी एम्युलेटरवर असला तरी अख्खा स्क्वॉड तिकडे जायचा. २०२० मध्ये एपेक्स लेजंड्सने क्रॉसप्ले आणला तेव्हा हाच हिशोब ठेवला, कन्सोलवाले कन्सोलवाल्यांत, पीसीवाल्या मित्राला पार्टीत घेतलंत तरच पीसीच्या लॉबीत. कन्सोलवरच्या पबजीने २०१९ मध्ये एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन एकत्र आणले, पीसी बाहेरच ठेवला. रेनबो सिक्स सीजने डिसेंबर २०२२ मध्ये तेच केलं. फिफा २३ मध्ये तर अल्टिमेट टीम या मोडमधला खेळाडू विकायचा-घ्यायचा बाजारसुद्धा प्लेस्टेशन-एक्सबॉक्सचा एक आणि पीसीचा वेगळा होता. म्हणजे रेघ कुठे मारायची ते कंपन्यांना नीट कळतंय, फक्त ती रेघ दोन कन्सोलच्या मधे नाही मारायची.

चीटरचंही तेच. भिंतीपलीकडचं दाखवणारा वॉलहॅक, आपोआप नेम धरणारा एमबॉट हे मुख्यतः पीसीवरून येतात, खरंय. कॉल ऑफ ड्युटीवाल्यांनी २०२५ च्या सुरुवातीला ब्लॅक ऑप्स ६ च्या रँक्डमध्ये, म्हणजे रँक चढायच्या मॅचमध्ये, कन्सोलवाल्यांना पीसीशी क्रॉसप्ले बंद करायचा पर्याय दिला तो उगाच नाही. पण क्रॉसप्ले नसता तर आपली लॉबी गंगाजळासारखी स्वच्छ असती हा जो सूर आहे ना मेसेजचा, तो सोडा. क्रोनस आणि झिम नावाच्या डब्या काय पीसीवाले विकत घेतात का? त्या मुख्यतः कन्सोललाच लावतात, रिकॉइल, म्हणजे गोळी झाडताना बंदुकीला बसणारा झटका, मारायला नाहीतर माउस जोडून वर एम असिस्टपण खायला. तुमच्याच मशीनवरचा, तुमच्याच नेटवर्कवरचा भाऊ असतो तो.

लॅगचा मुद्दा वाचून मात्र मला हसू आलं, कारण तो नेमका उलटा आहे. पिंग, म्हणजे सिग्नल सर्व्हरला जाऊन यायला लागणारा मिलिसेकंदांतला वेळ (तो वाढला की लॅग), ठरतो तुम्ही सर्व्हरपासून किती लांब आहात त्यावर, समोरच्याच्या डब्यावर कुठल्या कंपनीचा लोगो आहे त्यावर नाही. असले मोठे ऑनलाइन गेम बहुतेक कंपनीच्या नाहीतर भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर चालतात, ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, आणि ऐरोली-महापे पट्ट्यात तर डेटा सेंटरांच्या त्या बिनखिडक्यांच्या इमारती आपण रोज जाता-येता बघतो. मुंबईचा सर्व्हर मिळाला तर ठाण्यात फायबरवर दहा-पंधराचा पिंग. पण मुंबईची लॉबी भरायला माणसं तर पाहिजेत ना? आपल्याकडे मोबाइलवर खेळणारे ढीगभर, कन्सोलवाले मूठभर, त्या मूठभरांचे परत दोन वाटे केले की रात्री एक वाजता मॅचमेकिंग फिरत बसतं आणि शेवटी तुम्हाला सिंगापूरला नेऊन टाकतं, पिंग साठच्या आसपास. घोडबंदरला टर्फ बुक करायचं आणि मग आदिदासवाल्यांनी नायकेवाल्यांशी खेळायचं नाही म्हणायचं, असला प्रकार आहे हा.

टेकनवाल्यांना विचारा. आपल्या पिढीने पार्लरात टेकन ३ वर शाळेचे डब्याचे पैसे उडवलेत, हौशी लोकांची कमी नाही, पण २०१७ मध्ये टेकन ७ आला तो क्रॉसप्लेशिवाय. प्लेस्टेशनवाले एकीकडे, पीसीवाले दुसरीकडे, एक्सबॉक्सवाल्याला तर कुत्रं विचारत नव्हतं. तेच तेच चार-पाच लोक परत परत समोर यायचे, नाहीतर कोणीतरी दूर देशातला यायचा, ज्याच्याशी खेळताना बटण आत्ता दाबा आणि मूव्ह नंतर बघा. जानेवारी २०२४ मध्ये टेकन ८ आला, प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज आणि पीसी तिन्ही एकत्र. समोरचा वायफायवर आहे की वायरवर तेवढं बघा, तिथे खरा फरक पडतो.

पोरांच्या सेफ्टीबद्दल, हे कारण नवीन नाहीये. २०१७ मध्ये माइनक्राफ्टने सगळ्यांना जोडायचं ठरवलं तेव्हा सोनीच्या प्लेस्टेशनचे बडे अधिकारी जिम रायन यांनी हेच सांगितलेलं, आमच्याकडे लहान मुलं खेळतात, बाहेरच्यांच्या हवाली कसं करायचं. मग डिसेंबर २०१९ मध्ये तोच माइनक्राफ्ट प्लेस्टेशन ४ वर क्रॉसप्लेसकट आला. मधल्या दोन वर्षांत पोरं काय मोठी झाली का? एक्सबॉक्सवर मुलाच्या अकाउंटला दुसऱ्या नेटवर्कवाल्यांशी खेळणं, बोलणं बंद करायची सेटिंग आहे, लावा की. आणि शिव्या द्यायला समोरचा दुसऱ्या कंपनीचा असावा लागतो असं कोणी सांगितलं? उलट दोन कन्सोलची पार्टी चॅट, म्हणजे मित्रांच्या ग्रुपशी बोलायची सोय, एकमेकांत मिसळतच नाही. मी वर्तकनगरला प्लेस्टेशनवर, मित्र कोपरखैरण्याला एक्सबॉक्स सिरीज एसवर, रॉकेट लीग खेळायचो तर व्हॉट्सॲप कॉल लावून एक इअरबड कानात आणि त्यावरून हेडसेट, पाच मिनिटांत कान लाल. एक्सबॉक्सवर २०२२ मध्ये आणि प्लेस्टेशन ५ वर २०२३ मध्ये डिस्कॉर्ड या चॅट ॲपची व्हॉइस आली तेव्हा कुठे कानाची सुटका झाली.

आता पन्नास हजारांचा मुद्दा. प्लेस्टेशन ५ इथे फेब्रुवारी २०२१ मध्ये आला ४९,९९० ला, सिरीज एस त्याआधीच आलेला ३४,९९० ला. मित्राने पंधरा हजार वाचवले म्हणून त्याच्याशी खेळायचं नाही? तुमच्या एक्सक्लुझिव्ह गेममधली एकपण क्रॉसप्लेने उचलून शेजाऱ्याला दिलेली नाही. मशीनची किंमत कमी होते ती कंपनीच्या डोळ्यांनी बघितलं तर, आपल्या नाही. २०१८ मध्ये फोर्टनाइट बनवणारी एपिक कंपनी त्या गेमच्या क्रॉसप्लेसाठी सोनीच्या मागे लागलेली, तेव्हा सोनीकडून गेलेला ईमेल पुढे २०२१ मध्ये एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात बाहेर आला, त्यात स्वच्छ लिहिलंय की कन्सोल-कन्सोल क्रॉसप्लेने प्लेस्टेशनचा धंदा कसा वाढतो ते कोणालाच सांगता येत नाही. त्याच कागदांत नियमही दिसला: एखाद्या गेमच्या कमाईतला प्लेस्टेशनचा वाटा हा खेळण्याच्या वेळेतल्या प्लेस्टेशनच्या वाट्याच्या ८५ टक्क्यांच्या खाली गेला तर गेमवाल्याने सोनीला भरपाई द्यायची. म्हणजे तुम्ही खेळताय प्लेस्टेशनवर आणि स्किन घेताय दुसरीकडून, तर आमचं कमिशन बुडालं, ते भरा. इथे माउस नाही, चीटर नाही, पोरंबाळं तर नाहीतच.

आणि एक्सबॉक्सवाल्यांनी जास्त उड्या मारू नका. एक्सबॉक्स ३६० पुढे होता तेव्हा हेच मायक्रोसॉफ्ट दार लावून बसलेलं, क्रॉसप्लेवरच्या त्यांच्या अटींमुळे फायनल फँटसी १४ तेव्हा एक्सबॉक्सवर आलाच नाही, यायला मार्च २०२४ उजाडला. जो मागे पडतो त्यालाच एकदम मैत्री आठवते. २०१८ मध्ये सोनीने फोर्टनाइटसाठी दार उघडलं तेही प्रेमाने नाही, त्याआधी निन्टेन्डो स्विचवर लोकांची फोर्टनाइट अकाउंटं लॉगिनच होईनात, का तर ती कधीतरी प्लेस्टेशनला जोडलेली, आणि त्यावरून जगभर शिव्या पडल्या म्हणून.

तक्रार करायचीच असेल तर खरी जागा वेगळी आहे. बऱ्याच गेममध्ये क्रॉसप्लेला चालू किंवा बंद एवढे दोनच पर्याय असतात, पीसी नको म्हणून बंद केलं की दुसऱ्या कन्सोलवालापण गेला आणि मग लॉबी भरत नाही म्हणून आपणच झक मारत परत चालू करतो. मधला तिसरा पर्याय, फक्त कन्सोल, तो ब्लॅक ऑप्सने दिला तोसुद्धा सुरुवातीला रँक्डपुरता. तो सगळ्याच गेममध्ये, साध्या मॅचलाही पाहिजे, आणि सेटिंगच्या सहाव्या पानावर लपवलेला नको, मॅच शोधायच्या बटणाशेजारी पाहिजे.