घराखालची खाण सातबाऱ्यावर यावी

ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. वस्तीखाली जुनी भुयारी खाण आहे. तेव्हापासून गावाकडे कुणाशीही बोललो की गाडी पुनर्वसन आणि मोबदल्यापाशी येऊन थांबते. दोन्ही हवंच. पण मला त्याच्या आधीचा प्रश्न छळतो. पायाखाली खाण आहे, हे त्या कुटुंबाला कुठल्या कागदावरून कळणार होतं?

मी राहतो त्या वेल्समध्ये घर घेताना वकील कोळसा खाणींचा अहवाल मागवतो. खालून खोदकाम झालंय का, वीस मीटरच्या आत जुना शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विवरवाट, आहे का, हे त्यात असतं. खाणीमुळे भिंती तडकल्या तर भरपाई वा दुरुस्ती कुणी करायची, तेही १९९१ च्या कायद्याने ठरलेलं आहे. ही शिस्त इथे सुखासुखी आली नाही. १९६६ मध्ये अ‍ॅबरफॅनला खाणीच्या मातीचा ढिगारा शाळेवर आला. १४४ जीव गेले, त्यात ११६ मुलं. ढिगाऱ्यांचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी झाला. तरी २०२० च्या वादळात टायलर्सटाउनचा जुना ढिगारा घसरलाच, आणि बंद ढिगाऱ्यांसाठी स्वतंत्र यंत्रणा उभारणारा कायदा व्हायला २०२५ उजाडलं.

म्हणून ‘तिकडचं आपल्याकडे चालत नाही’ हे मला पटत नाही. खाण सोडताना नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाला द्यायचा नियम भारतातही आहे. सोडलेल्या खाणीत पाणी साठत राहतं, आधाराला ठेवलेले कोळशाचे खांब खचतात. १९७५ मध्ये धनबादजवळ चासनाळ्यात असंच साठलेलं पाणी चालू खाणीत घुसलं आणि ३७५ कामगार बुडाले. तिथे कामगार होते, घुग्घुसला वरची वस्ती. नकाशा मात्र दोघांच्याही हातात नाही.

सातबाऱ्यावर खाणीची नोंद आली तर जमिनीचे भाव पडतील, असं एक मित्र म्हणाला. पडतील कदाचित. पण आज जो विकतो त्याला बहुतेक वेळा ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं, आणि घेणारा आयुष्यभराची पुंजी ओतून बसतो.

सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात विहिरीची, बोज्याची नोंद होते, तशीच खाणीची व्हावी. शहरात मालमत्ता पत्रकावर यावी. बांधकाम परवाना देताना नगरपरिषदेने ती बघावी. चंद्रपूर, बल्लारपूरच्या जुन्या भुयारी खाणींपासून सुरुवात करता येईल.