पाहुण्यांचा सीझन आणि आमची केबल

काल परत एक गाडी दारात थांबली, काच खाली, "फ्लेमिंगो पॉइंट कुठाय हो?" म्हटलं पॉइंट बिइंट काय नाय, खाली काठाला जावा, होडीवाली पोरं असतील.

उजनी धरण १९८० ला झालं आन भीमाकाठची गावंच्या गावं उठून वर आली. माझ्या आजीचं माहेर जुनं पळसदेव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, मग रीलवाले, ड्रोनवाले, सगळी जत्रा. आजीला एकदा होडीतनं नेली तर तिनं देवळाला नुसते हात जोडले आन मग तासभर चिखलात आपला उंबरा कुठं असंल ते हुडकत बसली.

पर्यटन नको म्हणणारा मी नाय बरं का. कुंभारगाव, डिकसळकडं मासे धरणारी पोरंच गाइड झालीत, चिलापीच्या जाळ्यातला हात आता दुर्बीण फिरवतो, पक्ष्यांत पट्टकदंब कुठला न चक्रवाक कुठला ते पुण्याच्या साहेबाला हीच पोरं शिकवतात. घरची माऊली फिश थाळी करती, पैसा थेट तिच्या हातात. भारीच हाय हे.

पण धरण ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हंजी अब्ज घनफूट), त्यात निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हंजी तळाला राहणारं पाणी, म्हणून बहुतेक उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये, म्हंजी पाणी त्या मृतसाठ्याच्याबी खाली. पाणी हटलं, दलदल उघडी पडली की रोहित, म्हंजी हे फ्लेमिंगो, उतरतात आन त्याच टायमाला आमच्या शेतीच्या पाण्याच्या मोटारी कोरड्या पडतात, मग पाइप वाढवा, केबल वाढवा, चारी खोदा, पाण्याच्या मागं पळत सुटायचं. पाहुण्याला फोटो, आपल्याला केबलचं बिल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, होडीचा रेट, होड्यांचे नंबर, ड्रोन बंद, हे गावानं ठरवायचं, काठाला प्लॉट घेऊन रिसॉर्टचा बोर्ड लावणाऱ्यानं नाय. माणशी दहा रुपये गावाच्या खात्यात टाका, त्यातनं चारीचं डिझेल निघंल. आन लाइफ जॅकेट सगळ्यांना. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव-कळाशी वाटेवर वादळात बोट उलटून सहा जण गेले, ती काय सहलीची बोट नव्हती, आपली रोजची ये-जा. तरी आपली पोरं पाहुण्याला जॅकेट घालतात न स्वतः बनियनवर बसतात!!

१ मेच्या ग्रामसभेत विषय मांडतोय. होडीवाले सगळे या, नुसता लाइक ठोकून पळू नका.