घडी घालून लाटलेला अॅल्युमिनियमचा पत्रा स्टीलला भारी? जरा थांबा

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, ज्या ग्रुपवर बघावं तिथे तोच. म्हणे जपान्यांनी अशी ट्रिक काढलीय की साधा अॅल्युमिनियमचा पत्रा घडीच्या पोळीसारखा घडी घालून लाटायचा, परत घडी, परत लाटायचा, दर घडीला ताकद डबल, आठ घड्यांत पत्रा स्टीलला भारी आणि वाकता वाकत नाही, कुठल्याही वर्कशॉपात जमतं, आपल्या तांबटांना हे आधीपासून येत होतं आणि स्टील कंपन्यांनी दाबून ठेवलंय. यातलं जपान तेवढं खरं आहे.

ओसाका युनिव्हर्सिटीत साइतो, त्सुजी आणि मंडळींनी १९९८-९९ च्या सुमारास ही पद्धत मांडली, नाव अॅक्युम्युलेटिव्ह रोल बाँडिंग. दोन पत्रे एकावर एक ठेवायचे, रोलिंग मिलमधून एकाच पासात जाडी निम्मी करायची, ते एकमेकांना चिकटून परत मूळ जाडीचा एकच पत्रा होतो, तो मधून कापून परत एकावर एक. अशी एक फेरी म्हणजे एक सायकल. साध्या रोलिंगने एक मिलीमीटरच्या पत्र्याला आठ सायकलएवढं दाबायला गेलात तर तो चार मायक्रॉनचा होईल, किचनमधल्या फॉइलपेक्षाही पातळ. इथे जाडी तेवढीच राहते आणि आतले ग्रेन, म्हणजे धातूचे बारीक स्फटिक-कण, बारीक होत होत मायक्रॉनच्या खाली जातात. ग्रेन बारीक तर धातू कडक, हे हॉल आणि पेच यांनी १९५० च्या दशकातच दाखवलंय.

आता 'दर घडीला डबल'. डबल होतात ते थर, आठ सायकलला २५६. ताकद नाही. ११०० ग्रेडचं, म्हणजे जवळजवळ शुद्ध, नरम अॅल्युमिनियम साधारण ९० मेगापास्कलला (ताकद मोजायचं एकक) तुटतं, आठ सायकलनंतर ते ३०४ पर्यंत गेलं, म्हणजे सव्वातीन-साडेतीन पट. दर वेळी डबल झालं असतं तर २३ हजार व्हायला हवं होतं, एवढा साधा गुणाकार तरी करून बघायचा ना फॉरवर्ड करण्याआधी! सगळ्यात मोठी उडी सुरुवातीच्या सायकलला असते, पुढे वाढ मंदावते, कारण धातूच्या स्फटिकांत जेवढे नवे दोष (अणूंच्या रांगांतले बिघाड, त्यांनीही धातू कडक होतो) तयार होतात तेवढेच जुने मिटायला लागतात.

'स्टीलला भारी' पण नाही. गेट-ग्रिलला लागतं ते साधं स्ट्रक्चरल स्टील कमीत कमी ४१० मेगापास्कलचं असतं. हां, वजनाच्या हिशोबात अॅल्युमिनियम पुढे जातं, २.७ विरुद्ध ७.८५ घनता, पण मग तसंच बोला ना. शिवाय हीच प्रोसेस स्टीलवर केली तर तेही वाढतं, त्याच ओसाकावाल्यांनी नरम आयएफ स्टील (जवळजवळ कार्बन नसलेलं) ७५० च्या आसपास नेलं होतं.

'वाकत नाही' हा तर सगळ्यात मोठा घोळ. पत्रा भाराखाली किती लवतो ते ताकदीवर नाही, इलॅस्टिक मॉड्युलसवर, म्हणजे धातूच्या मूळच्या ताठपणावर ठरतं आणि ते ग्रेन बारीक करून बदलत नाही. अॅल्युमिनियमचं ७० गिगापास्कल, स्टीलचं २०० च्या वर, मग आठ काय ऐंशी सायकल करा, त्याच जाडीचा पत्रा स्टीलच्या जवळपास तिप्पट लवणारच. कायमचा बाक यायला जास्त जोर लागेल एवढंच. आणि ताकदीच्या बदल्यात ताणून लांबायची मुभा जाते, नरम पत्रा चाळीसेक टक्के लांबतो, हा आठेक टक्क्यांत तुटतो, त्यातही सारखा असा एक-दोन टक्केच ताणला जातो, पुढे एकाच जागी बारीक होऊन सुटतो. प्रेस शॉपमध्ये खोल ड्रॉच्या डायवर (पत्रा ओढून खोल आकार देणाऱ्या साच्यावर) घातला तर कोपरे फाटून हातात येतील.

वर्कशॉपात? घडीच्या पोळीत तेल लावतात ते पदर सुटे राहावेत म्हणून, इथे उलटं, बोटाचं तेल जरी लागलं तरी थर चिकटत नाही. दर सायकलला पृष्ठभाग डीग्रीझ करायचा, स्टीलच्या वायर ब्रशने ऑक्साइड खरवडायचं, पत्रा २०० डिग्रीच्या आसपास तापवायचा, मग वंगणाशिवाय एका दमात निम्मा दाबायचा. कडा फाटतात, त्या कापून टाकायच्या, म्हणजे दर वेळी माल कमी. बाजारातल्या हाताने फिरवायच्या रोलरवर हे होणार नाही.

तांबटांचं वाईट वाटतं, त्यांची खरी कला सोडून भलतंच चिकटवलंय. पुण्याच्या तांबट आळीत जे मठारकाम (भांडं ठोकून घडवणं) होतं ते वर्क हार्डनिंगच, म्हणजे ठोकून-दाबून धातू कडक करणं, हातोडीच्या ठोक्यांनी तांबं कडक होतं आणि चकाकतं. पण भांडं घडवताना ते मधेमधे भट्टीत तापवून नरम करतात, म्हणजे साठलेला कडकपणा मुद्दाम काढून टाकतात. इथे तो साठवतच जायचा असतो.

तापवण्यावरून आठवलं, हा पत्रा वेल्ड केला की वेल्डच्या शेजारी परत नरम पडतो, सगळी मेहनत पाण्यात. पण त्यातही एक गंमत आहे, असं अॅल्युमिनियम १५० डिग्रीला अर्धा तास ठेवलं तर ते नरम होण्याऐवजी आणखी कडक झालं आणि नंतर थोडं रोल केलं तर नरम, हे २००६ मध्ये छापून आलंय. म्हणजे खरी गोष्ट फॉरवर्डपेक्षा भारी आहे.

राहिली कंपन्यांची लपवाछपवी. पेपर पंचवीसेक वर्षं उघड्यावर पडलेत. अडतंय ते खर्चात, कटकटीत आणि फाटलेल्या कडांत. एकदाच लाटून चिकटवणं मात्र सर्रास चालतं, तुमच्या ट्राय-प्लाय (तीन थरांच्या) कढईचा पत्रा तसाच बनतो, फक्त तिथे कोणाला जास्तीची ताकद नको असते, आच सारखी पसरायला हवी असते.