विरोधकाला सभेबाहेर काढू नका

ठाण्यात राहणाऱ्याला राजकीय फूट पेपरात वाचावी लागत नाही, ती घरातच दिसते. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, आमदार सुरतेला आणि गुवाहाटीला गेले, पण तडे गेले ते कोपरीत, पाचपाखाडीत, नौपाड्यात. एकाच शाखेत वाढलेले, दोघांच्याही घरात दिघेसाहेबांचा फोटो असलेले दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या गणपतीला जात नाहीत, असं घर माझ्या पाहण्यात आहे. बाकीच्या पक्षांच्या समर्थकांचंही काही वेगळं नाही. कोण बरोबर यावर माझं ठाम मत आहे आणि दर निवडणुकीत मी ते नोंदवतो. आज विषय तो नाही. माणसं भांडतात याचं मला काही वाटत नाही, बोलायचीच थांबलीत याची भीती वाटते.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एक फॉरवर्ड टाकलं, एका काकांनी त्याला कडक उत्तर दिलं, आणि ॲडमिनने काकांनाच काढून टाकलं. नंतर टाकी धुवायची म्हणून दिवसभर पाणी बंद राहणार होतं. तो मेसेज त्यांच्या घरी गेलाच नाही. घरात अंथरुणाला खिळलेली आई, आणि सकाळी नळाला थेंब नाही. शेजारच्या वहिनींनी दोन बादल्या नेऊन दिल्या म्हणून निभावलं.

‘एवढी कटुता पूर्वी नव्हती हो,’ असं सगळे म्हणतात. नव्हती कशी? डिसेंबर १९४६ आठवा. चारच महिन्यांपूर्वी कलकत्त्यात हजारो माणसं मारली गेली होती, पाठोपाठ नोआखाली आणि बिहार पेटले होते. ९ डिसेंबरला दिल्लीत संविधान सभा भरली तेव्हा मुस्लिम लीगचा बहिष्कार होता. नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव, म्हणजे संविधानाची ध्येयं सांगणारा ठराव, मांडला. त्यावर आपल्या मुंबईच्या बॅ. मु. रा. जयकरांनी उपसूचना दिली की गैरहजर असलेल्यांना येऊ द्या, तोवर ठराव थांबवा. सभेत बहुमत काँग्रेसचं, त्यामुळे जयकरांवर बरीच टीका झाली.

१७ तारखेला डॉ. आंबेडकर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी जयकरांची बाजू घेतली. आपण आज एकमेकांशी लढणाऱ्या छावण्यांमध्ये विभागलेले आहोत आणि अशा एका छावणीचा पुढारी बहुधा मीही आहे, हे त्यांनी भर सभेत सांगितलं. तरीही हा देश एक होईल असा विश्वास त्यांनी व्यक्त केला. त्यासाठी विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत द्यावी लागली तरी द्या, म्हणाले. ठराव पुढे ढकलला गेला आणि २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. लीग आली नाही ती नाहीच. देश फाळणीकडे गेला. म्हणजे ही वाट दरवेळी यश देते असं मुळीच नाही, हे मला मान्य आहे.

पण पुढे काय झालं ते बघा. बाबासाहेब बंगालमधून निवडून आले होते, फाळणीमुळे त्यांची जागाच गेली. ज्या काँग्रेसवर त्यांनी १९४५ मध्ये अख्खं पुस्तक लिहून टीका केली होती, त्याच काँग्रेसच्या राजेंद्रप्रसादांनी मुंबई प्रांताचे पंतप्रधान (मुख्यमंत्र्यांना तेव्हा असंच म्हणत) बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून कळवलं की आंबेडकरांना ताबडतोब निवडून पाठवा. रिकामी जागा होती जयकरांची! ऑगस्टमध्ये बाबासाहेब कायदामंत्री झाले आणि मसुदा समितीचे अध्यक्षही. त्याच मंत्रिमंडळात हिंदू महासभेचे श्यामाप्रसाद मुखर्जी होते. हे वाचताना मला दरवेळी भरून येतं.

‘तत्त्वाशी तडजोड कशी करायची?’ असं कोणी विचारेल. त्यांनीही केली नाही. मुखर्जींनी १९५० मध्ये नेहरू-लियाकत करारावरून (दोन्ही देशांतल्या अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा भारत-पाकिस्तान करार) राजीनामा दिला, बाबासाहेबांनी १९५१ मध्ये. हिंदू स्त्रियांना वारसा आणि घटस्फोटाचे हक्क देणारं हिंदू कोड बिल रखडवलं, हे त्यातलं मोठं कारण. एकत्र बसले, काम केलं, पटलं नाही तेव्हा कारण सांगून बाहेर पडले. संयुक्त महाराष्ट्र समितीतही कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप एका मांडवाखाली होतेच. आपल्या आजोबांना हे जमत होतं.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी आणखी एक आठवण करून दिली. शिवाजी महाराज लढत होते तेव्हा इतर मराठे सरदार मोगलांच्या बाजूने लढत होते. स्वातंत्र्य एकदा आपल्याच माणसांच्या फितुरीने गेलं, ते पुन्हा जाईल का, ही त्यांची चिंता होती. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हेही त्यांनी त्याच भाषणात बजावलं. आज पुढाऱ्यासाठी सख्खा भाऊ तोडणाऱ्याने हे भाषण एकदा शांतपणे वाचावं. मराठीत सहज मिळतं.

सोसायटीच्या येत्या सर्वसाधारण सभेसाठी मी लेखी विषय दिला आहे. काकांना ग्रुपवर परत घ्यावं आणि यापुढे राजकीय मतावरून कोणालाही काढू नये. आमच्या बिल्डिंगमधले काही जण ही पोस्ट वाचत असतील. ज्यांचा या ठरावाला विरोध आहे त्यांनी सभेला नक्की यावं, मी त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेईन.