पहाटे 3 ला जाग येते म्हणजे यकृत बिघडलं, असं नाही

‘रोज रात्री 1 ते 3 मध्ये जाग येत असेल तर यकृतात विष साठलंय, 3 ते 5 मध्ये येत असेल तर फुफ्फुसं कमजोर’ असा मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. ही विभागणी पारंपरिक चिनी वैद्यकातल्या अवयवांच्या घड्याळातून (दिवसाचे दर दोन तास एकेका अवयवाचे, ही कल्पना) उचललेली आहे. जाग येण्याच्या वेळेवरून यकृताचा आजार ओळखता येत नाही. त्यासाठी रक्ततपासणी लागते.

झोप साधारण 90 मिनिटांच्या आवर्तनांनी चालते. गाढ झोप बहुतेक पूर्वार्धातच होऊन जाते, उत्तररात्री ती हलकी असते. मधे क्षणभर जाग सगळ्यांनाच येते. खरी पंचाईत पुढे होते: उशाजवळचा मोबाइल उचलायचा, ‘तीन वाजले, आता तीनच तास उरले’ हा हिशेब, मग छातीत धडधड. त्यात असला मेसेज वाचलेला असला की धसका बसतो आणि उरलीसुरली झोपही उडते. म्हणूनच तो पुढे पाठवू नका, ही कळकळीची विनंती.

घड्याळ नजरेआड ठेवा. वीसेक मिनिटं डोळा लागला नाही असं वाटलं, तर उठून मंद दिव्यात बसा. पेंग आली की अंथरुणावर या. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच.

आठवड्यातून किमान 3 रात्री, असं 3 महिने चाललं तर डॉक्टरांना दाखवा. अशा जुनाट निद्रानाशासाठी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये गोळ्यांआधी वर्तनोपचार (झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलण्याचे उपचार) सुचवले आहेत. घोरताना श्वास अडकत असेल तर मात्र तितकं थांबू नका.