एका अणूच्या जाडीचा भागधारक

माझ्याकडे एका कंपनीचे शेअर आहेत. ती कंपनी नेमकं काय करते हे मला शेअर घेतल्यावर चार महिन्यांनी कळलं. तोवर ती जबाबदारी मी मेहुण्याकडे सोपवली होती, कारण घ्यायला त्यानेच लावले होते. "दाजी, ॲडव्हान्स्ड मटेरियल्स!" एवढंच तो म्हणाला, पण अशा काही आवाजात की पुढे प्रश्न विचारणारा आपोआप अडाणी ठरावा. मी "हो, ऐकलंय" म्हणालो आणि घेऊन टाकले. कंपनीचं नाव इथे सांगत नाही. सांगितलं तर निम्मे वाचक हसतील आणि उरलेले घेतील. दोन्हींचं पाप मला नको.

कंपनी ग्राफीन बनवते. किंवा बनवणार आहे. किंवा बनवते, पण अजून कोणी विकत घेत नाही. हे तिन्ही अर्थ तिच्या वार्षिक अहवालातून निघतात. अहवालाच्या पहिल्या वीसेक पानांवर पांढरे कोट आणि निळे हातमोजे घातलेली माणसं काचेच्या नळीकडे बघत होती. इतक्या प्रेमाने माझ्याकडे आजवर कोणी बघितलेलं नाही. 'भविष्य', 'क्रांती' वगैरे शब्द मोठ्या टायपात होते. नफा-तोट्याचा तक्ता अगदी शेवटी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. त्यात 'विक्रीतून उत्पन्न' या शब्दांसमोर नुसती आडवी रेघ होती. मी ती छपाईची चूक समजलो.

वस्तू मात्र अफलातून आहे, त्याबद्दल वाद नाही. कार्बनच्या अणूंची, मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी जाळी, आणि जाडी किती, तर एक अणू! पोलादापेक्षा सुमारे 200 पट मजबूत, आणि एक चौरस मीटरचं वजन 0.77 मिलिग्रॅम. 2004 साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टन्टिन नोव्होसेलोव्ह यांनी हे ग्राफीन वेगळं करून दाखवलं ते चक्क चिकटपट्टीने. ग्राफाइटला पट्टी लावायची, ओढायची, निघालेल्या पापुद्र्याला परत पट्टी लावायची, परत ओढायची, असं करत करत शेवटी एका अणूचा थर उरेपर्यंत. 2010 साली त्यांना नोबेल मिळालं. याच गाइमसाहेबांना त्याआधी, 2000 साली, चुंबकाच्या जोरावर जिवंत बेडूक हवेत तरंगवल्याबद्दल इग नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालेलं आहे. हा तपशील शेअर घेण्याआधी वाचला असता तर निदान सावध तरी झालो असतो. काही आधार दिसत नसताना गोष्टी हवेत कशा राहतात, याचा अभ्यास या मंडळींनी ग्राफीनच्या आधीच पुरा केलेला होता.

तर बातमी आली त्या दिवशीची गोष्ट. मी तेव्हा 40 टक्के तोट्यात होतो. सकाळी दाढीचा फेस अर्ध्या गालावर असताना मेहुण्याचा फोन आला. "दाजी, बातमी आली!"

त्याच्या बहिणीला हाक मारावी का, या विचारात मी घाबरत विचारलं, "कोणाची?"

"कोणाची काय, आपल्या कंपनीची! करार झाला!"

राहिलेला अर्धा गाल तसाच ठेवून मी ते निवेदन उघडलं. एकच वाक्य होतं. 'एका आघाडीच्या जागतिक उत्पादकाशी, आमच्या ग्राफीनच्या संभाव्य वापराचे मूल्यमापन करण्याच्या दृष्टीने, बंधनकारक नसलेला सामंजस्य करार करताना कंपनीला आनंद होत आहे.'

त्या वाक्याचा मी आणि माझ्यासारख्या इतरांनी त्या दिवशी जो कीस पाडला, तसा शाळेत संदर्भासह स्पष्टीकरणाचा पाडला असता तर आज शेअर घ्यायची वेळच आली नसती. 'आघाडीचा जागतिक उत्पादक' म्हणजे कोण? मेहुण्याच्या मते मोबाइलवाले. काकांच्या मते विमानवाले, कारण हलकं आणि मजबूत असं दोन्ही त्यांनाच लागतं. (काकांनी माझं ऐकून घेतले होते. त्यांच्यासमोर मी हल्ली जरा वाकूनच बसतो.) ऑफिसातल्या आमच्या अकाउंटंटने सिमेंटवाले ठरवले, कारण काँक्रीटमध्ये ग्राफीन घालतात असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. मी म्हटलं, "एवढा मोठा असेल तर नाव का नाही सांगत?"

"मोठा आहे म्हणूनच नाही सांगत," मेहुणा म्हणाला.

"आणि लहान असता तर?"

"तर सांगितलं असतं ना! दाजी, तुम्ही फार निगेटिव्ह झालायत."

'बंधनकारक नसलेला' या दोन शब्दांवर मात्र कोणी थांबलं नाही. रस्त्यात डबकं आलं की बोलणं न थांबवता माणूस जसा लांब टांग टाकून पुढे जातो, तसे आम्ही सगळे त्यावरून गेलो. बंधनकारक नसलेला सामंजस्य करार म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, खूप वर्षांनी समोर आलेल्या वर्गमित्राला आपण 'एकदा निवांत भेटू या' म्हणतो ना, तेच. फक्त लेटरहेडवर. त्या आख्ख्या वाक्यात खरोखर घडलेली गोष्ट एकच होती, ती म्हणजे आनंद.

बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिने ते वाक्य एकदाच वाचलं.

"म्हणजे विकत कोण घेतंय?"

"अगं, सगळेच घेतायत! उघडल्या उघडल्या बघ कसा पळतो."

"शेअर नाही हो. ग्राफीन."

काही प्रश्न माणसाने बाजार बंद असताना विचारावेत.

बाजार उघडला आणि खरंच, दहा मिनिटांत भाव 22 टक्के वर. मी ऑफिसातल्या खुर्चीवर ताठ बसलो. आवाजात एक जडपणा आला, शिपायाला हाक मारतानासुद्धा. अकाउंटंट लांबून अंगठा दाखवून गेला. मग मी कागदावर हिशेब मांडला आणि तिथे घोटाळा झाला. शंभराचे साठ झालेले होते. साठावर 22 टक्के म्हणजे 73. म्हणजे एवढा पळूनही मी 27 टक्के खड्ड्यातच! पडताना 40 टक्के पडला, तर जागेवर यायला 67 टक्के चढावा लागतो, आणि निम्मा झाला तर दुप्पट व्हावा लागतो. हे गणित मी एकदा मेहुण्याला समजावून सांगितलं होतं, अगदी गंभीर होऊन. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे दाजी, इथून शंभर टक्के नफ्याची संधी आहे!"

विकायला हवे होते का? हवे होते. पण माझा एक पण आहे, आणि तो तोट्यात बसलेल्या प्रत्येक माणसाचा असतो. आपले पैसे सुटले की बाहेर. ज्या भावाला घेतला त्या भावाला एकदा येऊ दे, एक पैसा जास्त नको, मग परत या वाटेला जाणार नाही. आता, मी कितीला घेतला हे त्या शेअरला माहीत नसतं, तरी तो माझी कदर करून तिथवर येईल अशी माझी श्रद्धा. 1985 साली शेफ्रिन आणि स्टॅटमन या दोन अभ्यासकांनी या रोगाला नाव देऊन ठेवलेलं आहे. नफ्यातले शेअर लोक घाईने विकतात आणि तोट्यातले पोटाशी धरून बसतात, असं त्यांचं निदान. मी दुसऱ्या एका कंपनीचे शेअर 9 टक्के नफ्यात आठवड्याभरात विकून स्वतःची पाठ थोपटली होती, ते वाचताना आठवलं. ती कंपनी नंतर कुठे गेली ते मी बघत नाही. कधीकधी बघतो.

दुपारपर्यंत ती 22 टक्क्यांची वाढ उतरून 4 टक्क्यांवर आली होती. बाजार बंद होताना तर आदल्या दिवसापेक्षा 3 टक्के खाली. कारण काय, तर काहीच नाही. सकाळी घेणारे सगळे घेऊन झाले होते, आणि अफवेवर आधीच घेऊन ठेवणाऱ्यांना विकायला आमच्यासारखी आनंदित माणसं मिळाली होती. अकाउंटंट जाताना माझ्या टेबलाजवळून गेला. अंगठा खिशात होता.

खरी मजा संध्याकाळी झाली. दुसरं निवेदन आलं. कंपनी भांडवल उभारणार, नवे शेअर काढणार, निवडक गुंतवणूकदारांना बाजारभावापेक्षा 15 टक्के कमी दराने. यात आनंद व्यक्त केला नव्हता, नुसतं 'कळविण्यात येते' होतं. मला आधी कळेना की यात वाईट काय, कंपनीकडे पैसे येतायत ना! मग काकांचा फोन आला. काका विज्ञानाचे शिक्षक होते. त्यांनी शांतपणे फळ्यावर लिहिल्यासारखं सांगितलं, "अरे, विक्री नाही म्हणजे पगार कशातून होतात? नवे शेअर विकून. सामान्य कंपनी माल विकते, आपली शेअर विकते. शेअर हाच तिचा माल. आणि दर वेळी नवे शेअर निघाले की त्याच कंपनीचे वाटेकरी वाढतात, तुझा वाटा पातळ होतो."

"किती पातळ, काका?"

"होत होत एका अणूपर्यंत जाईल," काका म्हणाले. त्यांना विनोद क्वचित सुचतात, पण सुचतात तेव्हा माझ्यावरच सुचतात.

पुढे त्यांनी मला धीर दिला, तो असा. टेफ्लॉन सापडलं 1938 साली. रॉय प्लंकेट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाचा वायूचा सिलिंडर भरलेला असून त्यातून काही येईना, म्हणून कापला तर आत पांढरी भुकटी. नॉनस्टिक तवे बाजारात यायला 1950चं दशक उजाडलं. बुलेटप्रूफ जाकिटांतलं केव्हलार स्टेफनी क्वोलेक यांना 1965 साली सापडलं, आणि ते विकायला काढेपर्यंत सत्तरचं दशक आलं. दमदार कार्बन फायबर प्रयोगशाळेत दिसला 1958 साली, आणि निम्मं वजन कार्बन फायबरसारख्या मिश्र साहित्याचं असलेलं बोइंग 787 प्रवासी घेऊन उडालं 2011 साली. ग्रॅमभर बनवणं वेगळं, टनाने बनवणं वेगळं, आणि शंभरावी बॅच पहिल्या बॅचसारखी निघणं त्याहून वेगळं. ते जमलं तरी घेणारा आपल्या चाचण्या करत वर्षानुवर्षं बसतो. "तेव्हा घाबरू नकोस," काका म्हणाले, "फक्त वीसपंचवीस वर्षं थांबायची तयारी ठेव." काकांचं वय 74 आहे. माझं त्या टेफ्लॉनच्या सिलिंडरवरून मन हलेना. माझंही खातं भरलेलं असून त्यातून काही येत नाही, पण कापलं तर भुकटीसुद्धा निघेल असं वाटत नाही.

रात्री झोप येईना म्हणून वाचत पडलो. बार्बर आणि ओडीन या दोघांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडच्या 66,465 कुटुंबांचे 1991 ते 1996 या काळातले व्यवहार तपासले. बाजाराने वर्षाला 17.9 टक्के दिले, आणि सगळ्यात जास्त उलाढाल करणाऱ्यांच्या हाती 11.4 टक्के पडले. मला एकदम हलकं वाटलं. मी कुठे उलाढाल करतो? मी तर नुसता बघतो. दिवसातून चाळीसेक वेळा बघतो, मीटिंगमध्ये टेबलाखाली बघतो, दात घासताना बघतो, पण विकत काही नाही. बायको कुशीवर वळून म्हणाली, "बघण्याचं काही मीटर पडत नाही ना?" मी दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून घरीच बसलो. डोकं दुखत होतं, हे कारण पूर्ण खरं होतं. भाव 15 टक्के खाली उघडला, म्हणजे त्या निवडक मंडळींना ज्या दराने मिळणार त्याच दराला येऊन बसला. मेहुण्याचा फोन आला, "दाजी, ॲव्हरेज करायची हीच वेळ, स्वस्तात आणखी घेऊन टाका," तेव्हा मी फोन उशीखाली ठेवला. तो उशीखालूनही आशावादी ऐकू येत होता.

मुलगी शेजारी बसून माझं सगळं ऐकत होती. नऊ वर्षांची आहे.

"बाबा, ग्राफीन म्हणजे काय?"

मी म्हटलं, "तुझ्या पेन्सिलीत असतं. आतल्या ग्राफाइटचा एक मिलिमीटर म्हणजे ग्राफीनचे सुमारे 30 लाख थर, एकावर एक." आणि वर शहाणपणा करून चिकटपट्टीची गोष्टही सांगितली.

ती उठून गेली. अर्ध्या तासाने आली तेव्हा दोन्ही हात, फ्रॉकची कड आणि नाकाचा शेंडा करडा झाला होता, आणि बोटांवर चिकटपट्टीचे दहाबारा तुकडे लटकत होते. वहीच्या पानावर पेन्सिल घासायची, पट्टी लावायची, ओढायची, त्या पट्टीला दुसरी पट्टी. शेवटची पट्टी बरीच फिकट झाली होती. "बाबा, झालं!" म्हणून तिने ती माझ्या नाकासमोर धरली. मी मनाशी हिशेब केला. यंत्रसामग्री, एक पेन्सिल आणि एक रीळ. भांडवल उभारणी, शून्य. सामंजस्य करार, नाही. आणि माल तयार! आमच्या कंपनीला जे जमलं नाही ते हिने शाळेला जायच्या आत केलं होतं.

"छान झालंय. आता कोणाला विकणार?"

"विकायचं कशाला?" म्हणून तिने ती पट्टी माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर चिकटवून दिली, बरोबर भावाच्या आकड्यावर, आणि दप्तर घेऊन पळाली.

ग्राफीनच्या एका थरातून 97.7 टक्के प्रकाश आरपार जातो म्हणतात. हिच्या पट्टीतून एकही आकडा दिसत नव्हता. बाजार बंद होईपर्यंत मी ती काढली नाही.